पाटी, पेठ आणि कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

गावातील दुकाने, बाजारपेठा, खानावळी आणि लहानमोठे व्यवसाय यांचे छायाचित्रण हा या महिन्याचा विषय आम्ही मागील अंकात जाहीर केला होता. त्यावर अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांपैकी निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. कोणता कॅमेरा विकत घ्यावा, असे विचारणाऱ्या पत्रांना उत्तर दिलेले नाही, कारण हातात असलेल्या कॅमेऱ्याने या कामातले बहुतेक सारे करता येते.

प्रश्न : मी लग्नसमारंभांचे छायाचित्रण करतो. आता दुकाने, लॉज, कारखाने यांची कामे घ्यावीत असे मनात आहे. या कामाचा रोजचा दिवस कसा असतो आणि लग्नाच्या कामाहून ते कशात वेगळे असते?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लग्नात प्रसंग आपल्यासमोर घडत जातो आणि तो निसटू न देणे हेच छायाचित्रकाराचे मुख्य काम असते. दुकानात रोज तेच घडत असते. त्यातले काय दाखवायचे आणि काय सोडायचे हे ठरवण्यातच निम्मा वेळ जातो. म्हणून पहिल्या भेटीत मी कॅमेरा पिशवीतून बाहेर काढत नाही. मालकांशी बोलताना एक प्रश्न मात्र हमखास विचारतो : फोनवरून पत्ता विचारत येणारे गिऱ्हाईक नेमके कुठे चुकते? रामआळीसारख्या अरुंद, गजबजलेल्या रस्त्यावर पाटी वर लावलेली दिसते, पण वरच्या मजल्यावर नेणारा जिना शेजारच्या दोन दुकानांच्या मधल्या बोळात असतो, आणि आलेला माणूस पाटीखाली उभा राहून पुन्हा फोन लावतो. अशा वेळी त्या बोळाचे तोंड आणि जिन्याची पहिली पायरी दाखवणारे साधे छायाचित्र मालकाला काउंटरच्या देखण्या छायाचित्राहून अधिक उपयोगी पडते.

एरवी एका दुकानासाठी मी रस्त्यापलीकडून दिसणारी पूर्ण दर्शनी बाजू, चालत येणाऱ्याला दिसेल तसे प्रवेशद्वार, आतला एकूण भाग, प्रत्यक्ष काम करणारे हात आणि मुख्य माल एवढे टिपतो. मालकांचे स्वतःचे छायाचित्र त्यांनी नको म्हटले तरी एकदा आग्रहाने घेतो, कारण आपल्या गावात लोक दुकानापेक्षा दुकानदाराला ओळखतात.

कोकणात या कामाला ऋतूंची मोठी शिस्त आहे. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या शेडमध्ये पहाटेपासून धांदल असते आणि बागायतदाराला तुमच्याशी बोलायलाही फुरसत नसते, तरी ‘हापूस’चे खरे छायाचित्र त्याच दिवसांत मिळते. लॉज आणि घरगुती निवासांची मंडळी पावसाळा ओसरला की, म्हणजे दिवाळीची गर्दी सुरू होण्याआधी, बोलावतात. भर पावसात गणपतीच्या शाळांमध्ये मूर्तींवर रंगकाम चालते, आणि बाहेर काही करणे शक्य नसल्यामुळे काजूच्या कारखान्यांतली, प्रयोगशाळांतली, सोनारांच्या पेढीतली आतली कामे तेव्हाच उरकावी लागतात. दिवसाचा उरलेला भाग संगणकासमोर जातो : निवड, रंगांची दुरुस्ती, उभ्या रेषा सरळ करणे, छापण्यासाठी मोठी आणि मोबाइलसाठी लहान अशा दोन प्रती करणे, आणि प्रत्येक फाइलला दुकानाचे नाव व तारीख देणे. लग्नाच्या कामातून येणाऱ्यांना हा बैठा भाग कंटाळवाणा वाटतो. ज्यांना तो फारच कंटाळवाणा वाटेल, त्यांनी लग्नेच करावीत असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : सावंतवाडीत आमचे लाकडी खेळण्यांचे दुकान आहे. दुकानाचे तोंड उत्तरेला असल्यामुळे समोर कधीच नीट ऊन पडत नाही आणि छायाचित्रे काळवंडलेली येतात. छायाचित्रकाराला कोणत्या वेळी बोलवावे?
— एक दुकानदार, सावंतवाडी

उत्तर : आपण ज्याला अडचण म्हणता, त्याला या व्यवसायातले बरेच जण भाग्य म्हणतील. सावंतवाडीच्या अक्षांशावर सप्टेंबरच्या अखेरपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर आकाशाच्या दक्षिण भागातच राहतो, त्यामुळे उत्तराभिमुख दुकानावर या काळात थेट ऊन येत नाही आणि मऊ, सारखा प्रकाश मिळतो. साधारण मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकतो. या काळाच्या दोन्ही टोकांना आपल्याकडे शून्य सावलीचे दिवस येतात हे आपण वर्तमानपत्रांतून वाचले असेल. पण तेव्हा तो इतका माथ्यावर असतो की पन्हळीच्या कडेची सावली पाटीवरच पडते, आणि मग पाऊस सुरू होतो.

छायाचित्र काळवंडण्याचे खरे कारण निराळे आहे. दुकान सावलीत असते आणि चौकटीत येणारे आकाश किंवा रस्त्याचा उन्हातला तुकडा त्याच्या कितीतरी पट उजळ असतो. कॅमेरा त्या उजेडाला सांभाळायला जातो आणि दुकानाला अंधारात टाकतो. यावर सोपा उपाय म्हणजे आकाश चौकटीतून वगळणे. त्याहून चांगला उपाय म्हणजे समोरच्या रांगेकडून उसना उजेड घेणे. आपल्या समोरची दुकाने दक्षिणाभिमुख असणार. डिसेंबर-जानेवारीत दुपारी अकरा ते दोनच्या दरम्यान त्यांच्या भिंतींवर भरपूर ऊन पडते आणि तोच उजेड परतून आपल्या दर्शनी भागावर येतो. मात्र समोरची भिंत कोणत्या रंगाची आहे ते पाहावे. चुना दिलेली पांढरी भिंत असेल तर उत्तम, उघडा जांभा असेल तर सारे दुकान तांबूस होईल, आणि हिरव्या ऑइलपेंटची भिंत असेल तर माणसांचे चेहरे आजारी दिसतील. पावसाळ्यात दुकानापुढे बांधलेली निळी ताडपत्री हाच घोटाळा अधिक जोरात करते. तिच्याखालचा निळेपणा नंतर संगणकावर पूर्णपणे जात नाही, कारण आत दिव्याचा पिवळा आणि दारात ताडपत्रीचा निळा असे दोन रंग एकाच चौकटीत मिसळलेले असतात. शक्य असल्यास तेवढ्या वेळापुरती ताडपत्री सोडावी.

दुसरी वेळ सूर्यास्तानंतरची. आपल्याकडे संधिप्रकाश थोडा वेळ टिकतो. सूर्य बुडाल्यानंतर साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटांच्या अवधीत आकाशाचा निळा उजेड आणि दुकानातल्या दिव्यांचा उजेड जवळपास सारखा होतो, आणि रंगीत खेळण्यांनी भरलेले दुकान त्या वेळी फार सुंदर दिसते. यासाठी छायाचित्रकाराला सूर्यास्ताच्या तासभर आधी बोलवावे, म्हणजे ट्रायपॉड लावून, चौकट ठरवून, जुन्या ट्यूब आणि नवे एलईडी दिवे यांपैकी एकच जात चालू ठेवण्याची व्यवस्था करता येते. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची असल्यामुळे अनेक दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण शटर फार जलद ठेवले तर छायाचित्रात आडवे पट्टे उमटतात. सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग हा वेग सुरक्षित असतो.

खेळण्यांवरच्या लाखेच्या झिलईवर दिव्याचे ठिपके चमकत असतील तर थेट फ्लॅश टाळून खिडकीचा उजेड पांढऱ्या कापडातून गाळून घ्यावा. पोलरायझर फिल्टरनेही ती चमक बरीच कमी होते, कारण लाख आणि काच यांच्यावरचे प्रतिबिंब तो अडवू शकतो. पितळेच्या समईवर मात्र त्याचा उपयोग होणार नाही. गोल गंजिफा आपल्याकडे विक्रीस असतील तर त्या बरोबर वरून, लेन्स पत्त्याला समांतर ठेवून टिपाव्यात. थोडा जरी कोन झाला तरी गोल लांबट दिसतो आणि घेणाऱ्याला पत्ता वाकडा कापल्याचा संशय येतो.

प्रश्न : मालवणात आमचे घरगुती निवास आणि खानावळ आहे. मागे एका छायाचित्रकाराने खोल्या इतक्या ऐसपैस दाखवल्या की आलेले पाहुणे दारातच म्हणतात, “फोटोत तर मोठी होती.” आता पुन्हा छायाचित्रे काढून घ्यायची आहेत. काय सांगावे?
— एक वाचक भगिनी, मालवण

उत्तर : ताई, आपला छायाचित्रकार अतिविस्तृत कोनाची लेन्स घेऊन खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकून उभा राहिला असावा. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर १६ मिलिमीटरची लेन्स सुमारे ९७ अंशांचा आडवा पट्टा पाहते. त्यात जवळची वस्तू फुगते, दूरची भिंत आणखी दूर जाते, आणि दहा बाय बाराची खोली दिवाणखान्यासारखी दिसू लागते. २४ मिलिमीटरची लेन्स साधारण ७४ अंश पाहते. तिने एका चौकटीत खोली पूर्ण मावत नसेल तर दोन छायाचित्रे घ्यावीत. कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर न ठेवता छातीच्या थोडा खाली, सुमारे सव्वा मीटरवर ठेवावा, तो पुढेमागे झुकू देऊ नये, आणि पलंगाच्या कडेला एखादी ओळखीच्या आकाराची वस्तू, म्हणजे खुर्ची किंवा पाण्याचा तांब्या, असू द्यावी. पाहणारा त्यावरून खोलीचे माप आपोआप ताडतो.

हा केवळ तांत्रिक सल्ला नाही. घरगुती निवासाचा सारा व्यवहार विश्वासावर चालतो आणि पाहुणा दाराशी आला त्या क्षणी जर त्याला फसल्यासारखे वाटले, तर नंतरच्या दोन दिवसांत आपण त्याला कितीही चांगले जेवू घातले तरी त्याच्या मनातली ती पहिली खूणगाठ सुटत नाही. उलट ज्याने लहान पण स्वच्छ खोली पाहूनच ती ठरवली आहे, तो पाहुणा समाधानाने येतो आणि बाहेरची पडवी, मागचे माड, विहिरीचे गार पाणी या गोष्टी त्याला अधिकच्या लाभासारख्या वाटतात. त्यामुळे खिडकीबाहेर नसलेला समुद्र संगणकावर आणून बसवणे, पावसाळी आकाशाच्या जागी गुलाबी संध्याकाळ चिकटवणे, विजेचा खांब पुसून टाकणे या गोष्टी, आता त्या मोबाइलवर बोटाच्या एका हालचालीने होत असल्या तरी, आपण करू देऊ नयेत. भिंतीवरचा ओलाव्याचा डाग पुसायचा असेल तर तो रंगाऱ्याकडून पुसून घ्यावा.

खानावळीबाबत थोडक्यात सांगतो. थाळी खिडकीजवळच्या टेबलावर, बाजूने येणाऱ्या उजेडात ठेवावी आणि वरचा दिवा बंद करावा. वाटीतले तिखले आणि सोलकढी यांचे रंग फ्लॅशखाली सपाट होतात. भातावरची वाफ दिसायला हवी असेल तर मागे गडद रंग आणि प्रकाश मागच्या बाजूने हवा. तळलेली सुरमई तव्यावरून उतरल्यावर काही मिनिटांतच मलूल दिसू लागते, म्हणून चौकट रिकाम्या ताटावर आधी बेतून ठेवावी आणि मासा शेवटी वाढावा. ताट रोजचेच असावे. छायाचित्रापुरती आणलेली केळीची पाने पाहुण्याला प्रत्यक्षात मिळणार नसतील तर तीही खोलीसारखीच फसवणूक ठरेल.

प्रश्न : हर्णैच्या बंदरावर मासळीच्या लिलावाची छायाचित्रे घेताना एका मासेविक्रेत्या बाईंनी मला चांगलेच सुनावले. सार्वजनिक जागेत छायाचित्र घ्यायला कोणाची हरकत का असावी?
— एक वाचक, दापोली

उत्तर : सार्वजनिक जागेत छायाचित्र घेण्यास सरसकट बंदी नाही हे खरे, पण बाईंनी आपल्याला कायदा सांगितला नसावा. हर्णैला होड्या परतल्या की किनाऱ्यावर लिलाव सुरू होतो. उन्हाने आणि उशिराने मालाचा भाव मिनिटागणिक उतरत असतो, आणि नेमक्या त्याच वेळी हौशी मंडळी मोबाइल उंचावून टोपल्यांच्या मध्ये उभी राहतात. बोलीचा आकडा, कोणी किती माल उचलला, कोणाला तोटा झाला, हे सारे त्या गर्दीत उघड असले तरी गावाबाहेर जाण्याजोगे नसते. शिवाय दिवसभर राबून ओल्या लुगड्यात बसलेल्या बाईला आपले तसे चित्र अनोळखी माणसांच्या मोबाइलवर फिरावे असे का वाटेल?

माझी पद्धत अशी की लिलावाच्या पहिल्या भागात मी नुसता उभा राहतो. कोणाची कोणाशी ओळख आहे, वाट कुठून आहे, माल कुठून चढतो हे कळते, आणि तेवढ्यात आपण कोण, कोठले, हे विचारणारे कोणीतरी भेटतेच. मग ज्यांचे चित्र हवे त्यांना विचारावे, मावशी म्हणून हाक मारावी, आणि पुढच्या खेपेस छापील प्रत नेऊन द्यावी. मोबाइलवर पाठवलेल्या चित्रापेक्षा हातात दिलेल्या कागदाला तेथे आजही अधिक मान आहे. लांबून मोठ्या लेन्सने चोरून टिपणे मला सर्वांत वाईट वाटते, कारण त्यात माणसाला नाही म्हणण्याची संधीच उरत नाही.

उजेडाचा एक मुद्दा येथे सांगतो. संध्याकाळी सूर्य समुद्राकडे असतो, म्हणून गावाकडून पाहिले तर माणसे काळ्या आकृत्या होतात, आणि पाण्याकडून पाहिले तर चेहऱ्यांवर सुरेख ऊन मिळते पण आपण माल उतरवणाऱ्यांच्या वाटेत येतो. बाजूला, किनाऱ्याच्या रेषेत उभे राहणे हा मधला मार्ग आहे. खलाशी आणि तांडेल यांच्याशी निवांत बोलायचे असेल तर साधारण १ जून ते ३१ जुलै हा मासेमारीबंदीचा काळ निवडावा. होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात, आणि गप्पा मारायला सवड असते.

प्रश्न : मी एका दुकानाची छायाचित्रे काढून दिली. पुढे तीच छायाचित्रे त्यांनी माल पुरवणाऱ्या कंपनीला जाहिरातीसाठी दिली. छायाचित्रे मी काढलेली असताना हक्क माझा नाही का?
— एक छायाचित्रकार, चिपळूण

उत्तर : बहुतेकांचा समज आपल्यासारखाच असतो आणि तो चुकीचा आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १७ नुसार कोणाच्या सांगण्यावरून आणि मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल, तर विरुद्ध करार नसल्यास त्याचा पहिला हक्कधारक काम सांगणारा असतो. आपण स्वतःच्या मनाने, कोणाचे पैसे न घेता बाजारपेठेत टिपलेल्या छायाचित्राचा हक्क आपला असतो. दुकानदाराने पैसे देऊन काढून घेतलेल्याचा, काहीच लिहिलेले नसेल तर, त्याचा. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी अर्ध्या पानाचा लेखी करार करावा. छायाचित्रे कोठे वापरायची, किती काळासाठी, तिसऱ्याला देता येतील का, आणि नाव छापायचे का, एवढे त्यात स्पष्ट असावे. हक्क हस्तांतरित करायचा असेल तर तो लेखीच व्हावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारतापुरते धरले जाते, असे कलम १९ सांगते. कलम ५७ प्रमाणे आपल्या कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि तिच्या मानहानिकारक विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा अधिकार हक्क विकल्यानंतरही छायाचित्रकाराकडे राहतो.

आपल्या प्रकरणात करार नसेल तर दुकानदाराने कायद्याचा भंग केलेला दिसत नाही. तरीही त्यांना भेटून बोलावे; कोकणातल्या पेठेत पुढचे काम मिळणे न मिळणे वकिलाच्या नोटिशीपेक्षा अशा बोलण्यावर अधिक अवलंबून असते.

याच संदर्भात दोघांनी विचारले आहे की रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचे छायाचित्र प्रसिद्ध करता येते का. वास्तूचे छायाचित्र काढणे व प्रसिद्ध करणे हा हक्कभंग नाही, असे कलम ५२ मध्ये स्पष्ट आहे. भिंतीवर रंगवलेल्या चित्राची गोष्ट निराळी आहे. ते जाहिरातीत मुख्य विषय म्हणून वापरायचे असेल तर चित्रकाराला विचारावे. सिंधुदुर्ग किल्ल्यासारख्या संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावून किंवा व्यावसायिक चित्रण करायचे असल्यास संबंधित पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी घ्यावी.

प्रश्न : २०२१ च्या पुरात आमचे दुकान आणि घरातले सारे जुने फोटो गेले. वडिलांच्या काळातल्या दुकानाचे एकही चित्र उरले नाही. आता पेठेतल्या साध्या दुकानांची छायाचित्रे काढून ठेवावीत असे वाटते, पण त्याला काही अर्थ आहे का, असे घरचे विचारतात.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : अर्थ आहे, आणि तो समजावण्यासाठी पॅरिसचे उदाहरण देतो. यूजीन अत्जे (१८५७-१९२७) हा छायाचित्रकार जड लाकडी कॅमेरा आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा घेऊन जुन्या पॅरिसच्या गल्ल्या, दुकानांच्या दर्शनी बाजू, फेरीवाले, दरवाज्यांचे नक्षीकाम टिपत असे. ही चित्रे तो चित्रकारांना संदर्भासाठी आणि ग्रंथालयांना, संग्रहालयांना संग्रहासाठी विकत असे. स्वतःच्या कामाला तो ‘दस्तऐवज’ म्हणे. हे त्याचे रोजचे पोटापाण्याचे काम होते. आज त्या शहराच्या इतिहासाचे अभ्यासक त्याच काचांकडे वळतात.

आपल्याकडे थिबा पॅलेसची, टिळकांच्या जन्मस्थानाची, रत्नदुर्गाच्या दीपस्तंभाची छायाचित्रे अगणित निघतात, आणि त्यांना जाताना वाटेत लागणाऱ्या किराणा दुकानाचे एकही नसते. रात्री दुकान बंद करताना खाचेत एकामागून एक सरकवण्याच्या, क्रमांक टाकलेल्या लाकडी फळ्या, गादी आणि तिच्याजवळचा गल्ला, हाताने रंगवलेली पाटी आणि तिच्या कोपऱ्यात पेंटरची सही, मंगळुरी कौलांखालची ओटी, या साऱ्या गोष्टी शटर, फ्लेक्स आणि पत्रा यांच्यापुढे झपाट्याने मागे हटत आहेत. पुराने त्या एका रात्रीत नेल्या, इतर गावांत त्या हळूहळू जातील.

काढताना कलात्मकतेच्या मागे लागू नये. दुकान समोरून, सरळ, पाटी वाचता येईल असे टिपावे. आजूबाजूची अर्धी-अर्धी दुकाने चौकटीत येऊ द्यावीत, कारण पुढे जागा ओळखण्यासाठी शेजारच उपयोगी पडतो. रस्त्यावर उभी असलेली दुचाकी हटवण्याची धडपड करू नये. काही वर्षांनी कदाचित तिच्यावरूनच काळ ओळखला जाईल. शक्य असेल तर दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी उभे राहून, त्याच लेन्सने पुन्हा टिपावे. आणि प्रत्येक चित्रासोबत दुकानाचे नाव, आळी किंवा नाका, तारीख, कोणत्या दिशेला तोंड करून काढले, मालकांनी सांगितलेली एखादी माहिती, एवढे लिहून ठेवावे. माझ्या दृष्टीने टीप नसलेल्या चित्राची किंमत निम्म्याहून कमी होते. वडिलांच्या काळातल्या दुकानाचे चित्र मिळवण्यासाठी शेजाऱ्यांच्या, नातेवाइकांच्या लग्नाच्या आल्बममध्ये शोधावे. वरातीच्या मागे पेठ बऱ्याचदा सापडते.

जतनाबाबत आपल्या गावाची स्थिती वेगळी आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी काही भागांत पहिल्या मजल्यापर्यंत चढले होते, आणि १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या जुन्या संस्थेच्या ग्रंथालयालाही त्याचा फटका बसला. त्यामुळे हार्ड डिस्क माळ्यावर ठेवणे पुरेसे नाही. तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकांकडे किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात असावी. भिजलेले जुने कागदी फोटो अजूनही कोणाकडे हाती येत असतील तर पुढील काळजी घ्यावी : ओले फोटो एकमेकांना चिकटून वाळू देऊ नयेत. स्वच्छ थंड पाण्यात हलक्या हाताने धुऊन, चित्राच्या बाजूला बोट न लावता, एकेक सुटा करून चित्र वर ठेवून वाळवावा. दोन दिवसांत हे करणे जमणार नसेल तर मधे मेणकागद घालून, पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवले तरी नंतर सवडीने काम करता येते. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. काचेसकट स्कॅन करावा.

प्रश्न : मिरकरवाडा बंदर आणि शहर यांचे ड्रोनने चित्रण एका हॉटेलसाठी करायचे आहे. परवानगी लागते का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ड्रोन नियम, २०२१ नुसार आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग आहेत आणि उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरील नकाशा पाहणे आवश्यक आहे. रत्नागिरीत विमानतळ आणि तटरक्षक दलाचा तळ असल्यामुळे नकाशा न पाहता ड्रोन उडवण्याचा विचारही करू नये, आणि बंदराच्या बाबतीत बंदर प्रशासन व पोलिस यांना आधी लेखी कळवावे. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. दोन किलोपर्यंतच्या मायक्रो ड्रोनला ही सूट फक्त बिगरव्यावसायिक वापरासाठी आहे, आणि हॉटेलचे काम व्यावसायिकच ठरते. हॉटेलवाल्यांना हवे असलेले दृश्य शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून मिळते का, तेही पाहावे. माझ्या अनुभवात बऱ्याचदा मिळते.

प्रश्न : पावसाळा संपला की लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे काहीतरी दिसते. कॅमेरा चामडी पेटीत, कपाटात जपून ठेवलेला असतो. तरी असे का होते?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : ती बुरशी आहे, आणि जपून ठेवल्यामुळेच ती वाढली आहे. दमट हवा, अंधार आणि स्तब्धता या तिन्ही गोष्टी तिला कपाटात मिळतात, आणि चामडे स्वतःच ओल धरून ठेवते. चामडी पेटी काढून टाकावी. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पिशव्या आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवावा, आणि काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा कोरडे करता येते. व्यवसाय करणाऱ्यांनी विजेवर चालणारे कोरडे कपाट घेणे इष्ट. पावसाळ्यात वीज जाते हे धरून त्यातही थोडे जेल ठेवावे. लेन्स अधूनमधून वापरावी, उजेडात आणावी. वातानुकूलित गाडीतून एकदम बाहेर काढल्यास काचेवर दव जमते, म्हणून तिला बंद पिशवीत अर्धा तास बाहेरच्या हवेशी जुळू द्यावे. समुद्रावरून आल्यावर कॅमेऱ्याचे अंग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने पुसावे, कारण कोरड्या फडक्याने पुसल्यास मिठाचे कण काचेवर चरे पाडतात.

आधीच धरलेली बुरशी घरी लेन्स उघडून काढण्याचा प्रयत्न करू नये. ती दुरुस्तीला देईपर्यंत इतर लेन्सपासून वेगळ्या डब्यात ठेवावी.